शाळा सोडल्याचा दाखला

जून महिना उजाडला की आमच्या शाळेच्या कचेरीपुढे दोन रांगा लागतात. एक प्रवेशासाठी आणि दुसरी, तिच्याहून बरीच लहान, दाखल्यासाठी. दुसऱ्या रांगेतला पालक जरा मान खाली घालून उभा असतो. त्याचे काही चुकलेले नसते. तरी कोणाचे तरी देणे बुडवून आपण निघालो आहो, असा भाव त्याच्या चेहऱ्यावर दिसतो. काही वर्षांपूर्वी आमच्या कबड्डी संघातला सर्वांत चपळ चढाईपटू असाच वडिलांच्या पाठीमागे त्या रांगेत येऊन उभा राहिला. तालुक्याच्या गावच्या एका मोठ्या शाळेने त्याला वसतिगृहात जागा, दोन वेळचे जेवण आणि खेळाचे बूट देऊ केले होते. चार एकर कोरडवाहू जमिनीच्या धन्याला याहून अधिक काय हवे? मी जनरल रजिस्टर काढले, ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात ‘पालकांच्या विनंतीवरून’ असे लिहिले आणि दाखला त्यांच्या हाती दिला.

त्याच हिवाळ्यात तालुक्याच्या सामन्यांत तो मुलगा आमच्याच विरुद्ध उतरला. त्याने पहिली चढाई करताच आमच्या मुलांनी मैदानाच्या कडेने ‘गद्दार, गद्दार’ असा गिल्ला केला. मास्तर म्हणून त्यांना गप्प करणे माझे काम होते. मी ते केले नाही. खरे सांगायचे तर, तो शब्द कोणीतरी उच्चारला याचे मला थोडे समाधानच वाटले. सामना आम्ही हरलो. हार केव्हाच विसरलो. ते समाधान मात्र अजून टोचते. म्हणून एका जुन्या प्रश्नाची थोडी चौकशी करावी असे मनात आले. खेळाडू असतो तरी कोणाचा?

हा गिल्ला केवळ आपल्या मातीतला नव्हे. बास्केटबॉल हा खेळच मुळी १८९१ साली अमेरिकेत स्प्रिंगफील्ड येथील एका शिक्षणसंस्थेत जन्मला. जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने तो विद्यार्थ्यांसाठी काढला. त्या देशात कॉलेजचा संघ म्हणजे साऱ्या गावाचे दैवत. कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूला पूर्वी बहुधा एक वर्ष नुसते बसून काढावे लागे. २०२१ साली पहिल्या बदलीपुरती ही अट उठली आणि २०२४ साली पुढच्या बदल्यांनाही ती उरली नाही. आता तेथे हंगाम संपला की खेळाडूंची ये-जा सुरू होते, आणि काल ज्याच्या नावाचा जयघोष केला त्यालाच आज बोल लावण्याची पाळी चाहत्यांवर येते.

आपल्याकडे ही वाट राजेरजवाड्यांनी पाडली. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय देऊन कोल्हापूर ही मल्लांची पंढरी केली. क्रिकेटच्या बाबतीत तेच काम होळकरांनी आणि गायकवाडांनी केले. सी. के. नायडू जन्माने नागपूरचे. त्यांना तुकोजीराव होळकरांनी इंदूरला नेले. पुढे होळकर संघाने रणजी करंडकाच्या चौदा वर्षांत चार वेळा अजिंक्यपद आणि सहा वेळा उपविजेतेपद मिळविले. नागपूरने दिलेले बियाणे माळव्यात असे फळाला आले.

त्याहून बोलके उदाहरण विजय हजारे यांचे. १९१५ साली सांगलीत एका शाळामास्तराच्या घरी त्यांचा जन्म झाला. घरात आठ भावंडे; मास्तराचा पगार तो केवढा! देवासच्या महाराजांनी या तरुणाला जवळ केले आणि त्याला शिकविण्यासाठी क्लॅरी ग्रिमेट या ऑस्ट्रेलियाच्या नामांकित फिरकी गोलंदाजाला आणले. १९३९-४० च्या हंगामात हजारे पुण्यात महाराष्ट्रातर्फे खेळले आणि त्यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. त्या कोणाविरुद्ध, तर बडोद्याविरुद्ध! प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने त्या वर्षी व पुढच्याही वर्षी रणजी करंडक जिंकला. नंतर हजारे गेले, ते थेट बडोद्याला. ज्या गोलंदाजांना त्यांनी पुण्यात घाम फोडला होता, त्यांच्याच पंक्तीला ते जाऊन बसले. १९४७ साली होळकर संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्यांनी गुल महंमद यांच्याबरोबर ५७७ धावांची भागी केली. गुल महंमदांच्या ३१९, हजाऱ्यांच्या २८८. तो विश्वविक्रम २००६ पर्यंत कोणाला मोडता आला नाही. सांगलीचा मुलगा अखेर बडोद्याचाच झाला आणि २००४ साली तेथेच त्याने देह ठेवला.

पुण्यात त्या ३१६ धावांना ज्यांनी टाळ्या दिल्या, त्यांना पुढे बडोद्याचा धावफलक वाचताना काय वाटले असेल? ते सांगायला मला कोणताही ग्रंथ उघडावा लागत नाही. आमच्या मैदानाच्या कडेला मी ते ऐकले आहे. पण टाळ्यांनी चूल पेटत नाही. त्या काळी क्रिकेट खेळून घर चालत नसे. संस्थानिक नोकरी देत, निश्चिंती देत. संस्थाने गेल्यावर तीच जागा रेल्वेने, बँकांनी आणि कारखान्यांनी घेतली. पुण्यात १९४८ साली नाबाद ४४३ धावा करणारे कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर बडोदा, महाराष्ट्र, होळकर, राजस्थान, रेल्वे अशा कितीतरी संघांतून खेळले, त्याचे मर्म यातच आहे. खेळाडूला निष्ठा नव्हती असे म्हणण्यापूर्वी, निष्ठेला पोटापाण्याचा आधार कोणी दिला होता, हेही विचारले पाहिजे.

आता आमच्या जिल्ह्याकडे वळू. राज्य एक असले तरी क्रिकेटमध्ये आपले तीन संघ आहेत: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. नगर जिल्हा येतो महाराष्ट्राच्या वाट्याला. तथापि या जिल्ह्यात जन्मलेले दोन मोठे कसोटीपटू त्या संघाचे कधी झालेच नाहीत. अजिंक्य रहाणेचा जन्म संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्दचा; तो वाढला डोंबिवलीत आणि त्याने मुंबईला २०२३-२४ साली बेचाळिसावा रणजी करंडक जिंकून दिला. दुसरा झहीर खान, श्रीरामपूरचा. साखर कारखान्यांच्या मुलखातला हा पोरगा शिकण्यासाठी म्हणून मुंबईस गेला आणि सुधीर नाईक यांच्या नॅशनल क्रिकेट क्लबात दाखल झाला. मुंबईच्या रणजी संघात मात्र त्याला तेव्हा जागा मिळाली नाही. १९९९-२००० साली त्याला जागा दिली बडोद्याने. दुसऱ्याच हंगामात बडोद्याने रेल्वेला अवघ्या २१ धावांनी हरवून करंडक जिंकला, आणि त्या अटीतटीच्या शेवटच्या डावात झहीरची गोलंदाजी निर्णायक ठरली.

मी तेव्हा विशीत होतो. आमच्या पारावर त्या दिवसांत बडोद्याच्या धावफलकाला जेवढे वाचक मिळत, तेवढे महाराष्ट्राच्या संघाला मिळत नसत. पुढे २००६-०७ च्या हंगामात झहीर बडोदा सोडून मुंबईकडे आला आणि बंगालविरुद्धच्या अंतिम सामन्यात नऊ बळी घेऊन त्याने मुंबईला करंडक मिळवून दिला. त्या वेळी पारावर दोन तट पडले. एक म्हणे, ‘ज्यांनी वेळेला ताटात वाढले, त्यांना सोडायला नको होते.’ दुसरा म्हणे, ‘पोरगं घराजवळ आलं, यात वाईट काय?’ गंमत अशी की, त्या वादात आपल्या महाराष्ट्र संघाचे नाव कोणी काढले नाही. त्याने आपल्याला सोडले, असे म्हणण्याइतके आपण त्याला कधी धरलेच नव्हते.

तेव्हापासून ही ये-जा वाढतच गेली आहे. वसीम जाफर मुंबई सोडून विदर्भाकडे गेला आणि तेथे त्याने २०१७-१८ व २०१८-१९ असे लागोपाठ दोन करंडक पाहिले. २०२५ साली पृथ्वी शॉ मुंबईहून महाराष्ट्राकडे आला. त्याच वर्षी यशस्वी जयस्वालने गोव्यासाठी मुंबईकडे ‘ना हरकत’ मागितली आणि मग बेत बदलून तो मुंबईतच राहिला. हे ‘ना हरकत’ म्हणजे आमच्या दाखल्याचेच थोरले भावंड. देणाऱ्याच्या मनात हरकत असते; कागदावर ती लिहिता येत नाही, एवढेच.

हे सारे चाळता चाळता मला घराजवळचीच एक गोष्ट दिसली आणि मी थबकलो. जामखेड तालुक्यातील चौंडीच्या शिंद्यांच्या घरी १७२५ साली एक मुलगी जन्मली. ती लहान वयातच होळकरांची सून होऊन गेली. तिने राज्य केले माळव्यात, राजधानी केली नर्मदाकाठच्या महेश्वरला. तिचे कर्तृत्व बहुतेक सारे सासरचे. म्हणून चौंडीने कधी तिला परकी मानले का? उलट २०२४ साली आमच्या साऱ्या जिल्ह्यानेच तिचे नाव लावले. अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, ते इथून निघून गेलेल्या लेकीच्या नावाने. आपल्या भाषेत माहेर आणि सासर हे दोन शब्द आहेत, आणि एकाच माणसावर दोन्ही घरांचा हक्क चालतो, हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. लेकींच्या बाबतीत जे आपल्याला सहज समजते, ते खेळाडूच्या बाबतीत आपण का विसरतो? माहेरालाही दुःख होतेच. पाठवणीच्या वेळी डोळे पुसावे लागतात. पण जाणाऱ्या लेकीला कोणी गद्दार म्हणत नाही.

गेल्या वर्षी तो कबड्डीचा मुलगा कचेरीत आला. जात पडताळणीसाठी त्याला निर्गम उतारा हवा होता. मी तेच रजिस्टर काढले. त्याच्या दाखल्यावर ‘यापूर्वीची शाळा’ असा एक रकाना असतो; खेळाच्या धावफलकाला तो नसतो. त्या मोठ्या शाळेच्या कपाटातल्या ढाली पाहणाऱ्याला आमचे खडकाळ मैदान दिसणार नाही. पण नव्या शाळेच्या रजिस्टरात त्या रकान्यात आमच्या शाळेचे नाव आहे, आणि ते कोणी खोडू शकत नाही. एवढ्यावर समाधान मानायला मला फार वर्षे लागली.

उतारा देताना मी म्हणालो, “त्या सामन्यात मी पोरांना गप्प करायला हवं होतं.”

तो हसून म्हणाला, “जाऊ द्या सर, पोरं होती ती.”

खरेच, ती पोरे होती. मी नव्हतो.