बर्फावरून दिसलेली भूछाया

ग्रीनलँडच्या किनाऱ्यावर चंद्राला ग्रहण लागलं की पुरुष पेट्या आणि किटल्या घेऊन घराच्या छपरावर चढत आणि त्या बडवत. चंद्र घराघरांत शिरून कातडी आणि खाण्याचे जिन्नस पळवतो, अशी समजूत होती. मोरेव्हियन पंथाच्या डेव्हिड क्रांत्सने १७६५ सालच्या ग्रंथात ती नोंदवली. थंडीत ज्यांचं जगणं त्या दोनच गोष्टींवर टिकून होतं, त्यांना चोरीची धास्ती त्यांचीच वाटावी, हे मला अगदी खरं वाटतं.

क्रांत्सच्याही आधी, १६३१ साली, एका कप्तानाने गोठत्या उत्तरेत हेच ग्रहण घड्याळ म्हणून वापरलं होतं. पृथ्वीची सावली चंद्रावरच पडते, त्यामुळे ग्रहणाचा स्पर्श चंद्र दिसणाऱ्या साऱ्यांना एकाच क्षणी दिसतो. वेगळी असते ती गावोगावची वेळ. दोन ठिकाणच्या वेळांत एका तासाचा फरक म्हणजे रेखांशात १५ अंशांचं अंतर. ग्रीक खगोलज्ञ हिपार्कसने सुचवलेली ही युक्ती त्या कप्तानाने, थॉमस जेम्सने, हडसन उपसागराच्या दक्षिण टोकाशी, चार्ल्टन बेटावर वापरली. हे बेट ध्रुवापासून बरंच दूर असलं, तरी तिथला हिवाळा ध्रुवाकडचाच. २९ ऑक्टोबरच्या रात्री जेम्सने ग्रहणाची वेळ टिपली. तिकडे लंडनमध्ये ग्रेशम कॉलेजचा हेन्री गेलिब्रँड तेच ग्रहण पाहत होता. महिन्याभरात बर्फाच्या माऱ्यातून जहाज वाचावं म्हणून जेम्सला ते मुद्दाम भोकं पाडून उथळ पाण्यात बुडवावं लागलं. पुढे माणसं स्कर्व्हीने खंगली. वसंतात जहाज पुन्हा तरंगवून तो १६३२ मध्ये इंग्लंडला परतला, तेव्हाच दोन्ही वेळा शेजारी ठेवता आल्या. आपण नेमके कुठे होतो, हे ग्रहणानंतर जवळपास वर्षभराने कळलं! या साऱ्या परंपरेत मला हीच रात्र सर्वांत मोलाची वाटते.

युक्तीत खोट होती. सावलीची कड धूसर असते, त्यामुळे स्पर्श आणि मोक्ष ठरवताना मिनिटांची चूक सहज होते. एका मिनिटाची चूक म्हणजे विषुववृत्तावर सुमारे २८ किलोमीटर. पण ध्रुवाकडे रेखावृत्तं जवळ येतात, म्हणून ७० अंश अक्षांशावर तीच चूक साडेनऊ किलोमीटरवर येते. तरीही १९१५ मध्ये वेडेल समुद्राच्या बर्फात अडकलेल्या ‘एन्ड्युरन्स’ जहाजावर कप्तान फ्रँक वर्स्ली आणि भौतिकशास्त्रज्ञ रेजिनाल्ड जेम्स यांनी क्रोनोमीटर तपासायला ग्रहणाऐवजी चंद्राआड जाणारे तारे निवडले. तारा क्षणात विझतो, सावली रेंगाळते. मग बिनतारी संदेशांनी वेळ कळू लागली, आणि ग्रहणाचं हे काम संपलं.

पाहणं मात्र राहिलं, आणि त्याला ध्रुवासारखी जागा नाही. ग्रहणात चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो, म्हणून सूर्य क्षितिजाखाली जितका खोल, चंद्र जवळपास तितकाच वर. दक्षिण ध्रुवावरच्या हिवाळ्यातलं प्रत्येक चंद्रग्रहण अथपासून इतिपर्यंत क्षितिजावर असतं. उन्हाळ्यातलं एकही नाही. १६ जुलै २०१९ चं खंडग्रास ग्रहण भारतात गुरुपौर्णिमेच्या उत्तररात्री दीडपासून साडेचारपर्यंत होतं. ध्रुवावरचं अमुंडसेन-स्कॉट स्थानक न्यूझीलंडच्या वेळेवर चालतं; तिथे घड्याळात सकाळचे आठ वाजले होते आणि बाहेर मिट्ट रात्र. तिथला चंद्र ना चढतो ना उतरतो, २२ अंशांच्या आसपास आडवाच सरकतो. त्या तीन तासांत त्याचा दोनतृतीयांश व्यास झाकून पुन्हा मोकळा होणार होता. अंटार्क्टिकावरच्या आपल्या ‘भारती’ आणि ‘मैत्री’ या तळांवरही त्या दिवशी चंद्र मावळणार नव्हता. गोव्यात वास्कोला असलेलं राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र हे तळ सांभाळतं.

२८ ऑगस्ट २०२६ च्या नारळी पौर्णिमेचं खंडग्रास ग्रहण भारतात सकाळी पडतं, म्हणून दिसण्याजोगं नाही. ‘भारती’वर ते सुरू होतानाच चंद्र क्षितिजाला टेकतो, ‘मैत्री’ पश्चिमेला असल्याने तिथून ते शेवटपर्यंत पाहता येतं, आकाश निरभ्र असेल तर.