‘यांनी ती खोली विकली का नाही?’ : गिरणगावच्या घरांचा आर्थिक इतिहास

जयंत पवार यांचे ‘अधांतर’ (१९९७) वर्गात शिकवताना गेली काही वर्षे आम्हांला एक प्रश्न हमखास विचारला जातो. संप फसलेला आहे, मिळकतीची शाश्वती उरलेली नाही, आणि चाळीतल्या एका खोलीत सगळे कुटुंब एकमेकांच्या अंगावर येत जगते आहे. हे सारे समजावून झाले की मागच्या बाकावरून कोणीतरी विचारते : ‘सर, यांनी ती खोली विकली का नाही?’ विचारणारी मुले विरार-बदलापूरहून येतात. लालबाग-परळच्या जागेचे आजचे मोल त्यांना पाठ असते. सुरुवातीला आम्हांला हा प्रश्न अरसिकपणाचा वाटला. पुढे लक्षात आले की तो इतिहासाचा प्रश्न आहे आणि त्याचे सरळ उत्तर आम्हांलाही देता येत नाही. त्या उत्तराच्या शोधातून हे टिपण झाले.

मुंबईच्या या भागातील घरांचा इतिहास पाहू लागलो की एक गोष्ट वारंवार दिसते. येथे घरे आखली जातात तेजीत. ती पुरी होतात मात्र बऱ्याचदा मंदीत. या दोहोंच्या मधल्या काळाचा भार कोणी सोसायचा, यावर पुढच्या पिढीचे घर ठरत आले आहे.

गिरगावपासून सुरुवात करू. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी ही नावेच सांगतात की येथे एके काळी बागायत होती. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशातून बँका निघाल्या, समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या शेअरांवर सट्टा सुरू झाला. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली, म्हणजे ऐन या भरतीत प्रसिद्ध झाले, हे आपण साहित्याचे अभ्यासक सहसा ध्यानात घेत नाही. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि शहराने पहिले मोठे दिवाळे पाहिले. कंपन्या बुडाल्या, पण शहराकडे आलेली माणसे परत गेली नाहीत. कोटातील कचेऱ्यांत कारकुनी करणारा वर्ग गिरगावच्या वाड्यांत स्थिरावला आणि बागांच्या जागी चाळी उभ्या राहिल्या.

परळ-लालबागची कथा निराळी आहे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेली पहिली कापडगिरणी ताडदेवला १८५६ साली सुरू झाली. पुढल्या अर्धशतकात गिरण्या भायखळ्यापासून परळपर्यंत पसरल्या. कामगार घाटावरून आणि कोकणातून आले. गिरणीच्या भोंग्यावर पायी पोहोचता येईल इतक्या अंतरावर राहणे त्यांना भाग होते, कारण पाळ्यांचे काम आणि बदलीची रोजंदारी दूर राहून जमणारी नव्हती. म्हणून एका खोलीत दहा-पंधरा पुरुष राहत. दिवसपाळीचा उठला की त्याच जागेवर रातपाळीचा निजे. जेवण खाणावळीत, सामान खुंटीवर किंवा पत्र्याच्या ट्रंकेत. खोलीचे भाडे किती असावे हे गिरणीचा पगार ठरवत होता. पगाराला झेपेल तेवढे भाडे, आणि भाड्याला परवडेल तेवढीच जागा. घर आणि मजुरी यांची ही गाठ पुढच्या सगळ्या इतिहासाची किल्ली आहे.

१८९६ च्या प्लेगने दाटीचे परिणाम दाखवले. कामगार गावाकडे पळाले, तेव्हा मालकांना व सरकारला घराचा प्रश्न हा धंद्याचाही प्रश्न असल्याचे कळले. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने जुन्या वस्त्यांतून रस्ते काढले आणि दादर-माटुंग्याला रेखीव भूखंड पाडले. हिंदू कॉलनीसारख्या वसाहती त्यातून उभ्या राहिल्या. गिरगावात वाडीत वाढलेली चाळ, परळला गिरणीला टेकलेली चाळ आणि दादरला आखीव भूखंडावरील इमारत असे तीन प्रकार येथे तयार झाले. आज तिन्ही ठिकाणच्या रहिवाशांचे भवितव्य निरनिराळे का, याचे एक मूळ या जुन्या विभागणीत आहे.

पहिल्या महायुद्धात गिरण्यांनी अमाप नफा मिळवला आणि घरटंचाई पराकोटीला गेली. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या सरकारने १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापले. कामगारांसाठी ५० हजार गाळे बांधण्याचा संकल्प होता. पैसा उभारण्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया कर बसवला गेला, म्हणजे घरांची सारी आखणी कापसाच्या तेजीवर बेतलेली होती. तेजी टिकली नाही. विशीच्या मध्यापर्यंत गिरण्या मंदीत सापडल्या, पगारकपातीची भाषा सुरू झाली आणि १९२५ मध्ये त्यावरूनच मोठा संप झाला. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी, सुमारे १६ हजार खोल्या, एवढ्यावरच काम थांबले. त्याहून बोलकी गोष्ट पुढची. माणसे दाटीवाटीने राहत असलेल्या शहरात या १६० चौरस फुटांच्या खोल्यांपैकी हजारो खोल्या कित्येक वर्षे रिकाम्या होत्या. भाडे पगाराला झेपत नव्हते, शिवाय वरळीसारखी ठिकाणे गिरणीपासून दूर पडत होती. घरांची गरज असणे आणि घरांना गिऱ्हाईक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुंबईने शंभर वर्षांपूर्वीच पाहिले होते.

आता विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धाच्या महागाईनंतर १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा आला आणि भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली. भाडेकरूला संरक्षण मिळाले. ते आवश्यकही होते. पण दुरुस्तीचा खर्च वाढत गेला, भाडे तेच राहिले आणि मालकाने इमारतीकडे पाठ फिरवली. कागदावर गोठलेला बाजार पडद्याआड पगडीच्या रूपाने चालू राहिला. खोली सोडणारा आणि घेणारा यांच्यात रोख रक्कम ठरे, मालक आपला वाटा घेई, पावती नव्या नावावर होई. हा व्यवहार कायद्याने गुन्हा होता. भाडेकरू खोलीचा मालक नव्हता, पण त्याला तेथून कोणी काढूही शकत नव्हते. ‘अधांतर’ या शब्दाला येथे कायदेशीर अर्थही मिळतो. पगडीला कायद्याची मान्यता मिळाली ती १९९९ च्या नव्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला, म्हणजे नाटक रंगभूमीवर आल्यानंतर.

मोडकळीस आलेल्या इमारतींसाठी १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ नेमले गेले आणि उपकर बसवला गेला. तेव्हा बेट-शहरात अशा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. त्यांतील बहुसंख्य आजही टेकूंवर का होईना, उभ्या आहेत. म्हणजे या बाजाराचा उद्याचा साठा कालच्या भाडेकायद्याने राखून ठेवलेला आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप रीतसर मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला. गिरण्या त्याआधीच डबघाईला आल्या होत्या आणि यंत्रमागांनी कापड बाहेर नेले होते. संपानंतर गिरणीतल्या मागापेक्षा गिरणीखालची जमीन मौल्यवान ठरली. घर आणि मजुरी यांची जी गाठ आम्ही वर म्हटली, ती येथे सुटली.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे केले होते : एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक सार्वजनिक घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी गिरणीच्या आवारातील बांधकाम नसलेल्या जागेपुरतीच उरली, आणि शहराच्या वाट्याला येणारी जमीन आक्रसली. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती ग्राह्य धरली. दरम्यान गृहकर्जे स्वस्त झाली होती आणि २००५ मध्ये बांधकामात परकीय गुंतवणूक खुली झाली होती. त्याच वर्षी लोअर परळची मुंबई टेक्सटाइल मिल लिलावात ७०२ कोटींना गेली. २०१२ मध्ये तीच जमीन सुमारे २,७०० कोटींना पुन्हा विकली गेली. त्याच २०१२ च्या जूनमध्ये म्हाडाने गिरणी कामगारांसाठी ६,९२५ घरांची सोडत काढली. अर्ज सुमारे दीड लाख होते. २०२४ मध्ये शासनाने शेलू-वांगणीला घरे देण्याचे ठरवले, तेव्हा कामगार संघटनांनी घर मुंबईतच हवे म्हणून विरोध केला. त्या विरोधाला भावुकपणा म्हणणाऱ्यांनी वरळीच्या रिकाम्या खोल्या आठवाव्यात.

उरला चाळींचा पुनर्विकास. त्याचे गणित साधे आहे. वाढीव चटईक्षेत्र मिळते, त्यातून जुन्या भाडेकरूला मालकी हक्काचे मोठे घर फुकट मिळते आणि उरलेली घरे बाजारात विकून खर्च व नफा निघतो. बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फूट, हे त्याचेच फळ. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील ५५६ कुटुंबांना अशा घरांच्या चाव्या मिळाल्या. त्याचा आनंद आम्हांलाही आहे. शंभर वर्षे सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या कुटुंबांना चाळीच्या स्मृती जपण्याचा उपदेश करणे आम्हांला शोभत नाही.

परंतु या गणिताचा एक अर्थ दृष्टीआड होऊ नये. पूर्वीची खोली पगारावर उभी होती. आताचे घर तेजीवर उभे आहे. विक्रीची घरे चढ्या भावाने खपली तरच भाडेकरूची इमारत पुरी होते. २०१८ मध्ये आयएल अँड एफएस कोसळली, बिल्डरांना मिळणारी कर्जे आटली आणि शहरात अनेक इमारती अर्ध्यावर अडल्या. संक्रमण शिबिरात गेलेली किंवा दूर भाड्याने राहणारी कुटुंबे त्या मंदीची किंमत मोजत बसली. १८६५ आणि १९२५ च्या पंक्तीत हे वर्ष बसते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो-३ पुरी सुरू होऊन गिरगाव, दादर, वरळी एका मार्गावर आली आहेत. भाव चढेच राहतील असे सगळे धरून चालले आहेत. तसे न झाल्यास भार कोणावर पडेल, हे करारनाम्यावर सही करतानाच विचारले गेले पाहिजे.

वर्गात आता आम्ही त्या प्रश्नाचे उत्तर असे देतो : नाटकातल्या कुटुंबाला खोली उजळपणे विकता येत नव्हती, कारण ती त्यांच्या मालकीची नव्हती. शिवाय ती पगडीवर सोडली असती तरी हाती येणाऱ्या रकमेत पुढे जायचे कोठे, हा प्रश्न उरलाच असता. आज त्याच चाळीच्या जागी टॉवरमध्ये घर मिळालेल्या कुटुंबाला ते विकता येते. मात्र त्या टॉवरचा देखभाल खर्च ठरवणाऱ्या अर्थव्यवस्थेत त्यांच्या मुलांना बहुधा नोकरी नसते. आणि एकदा विकले की त्याच परळमध्ये पुन्हा घेता येत नाही. यावर मागच्या बाकावरची ती मुले काही बोलत नाहीत. त्यांतील कित्येकांचे आजोबा गिरणीत होते, हे आम्हांला हजेरीपटावरून नव्हे, तर अशा तासांना समजते.