लोणारच्या काठावरून मृगाकडे

पौषातली अमावस्या, रात्रीचे नऊ. लोणारच्या विवराच्या काठावर तुम्ही उभे आहात. खालचं सरोवर काळोखात दिसत नाही, फक्त त्याचा खारा, उग्र वास वर येतो. आता दक्षिणेकडे मान उंच करा. जूनमध्ये बुलढाण्याचा शेतकरी पेरणीसाठी ज्याची वाट बघतो, तोच हा मृग. पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण दिसला? त्याच्या खाली तीन फिकट ठिपके आहेत. मधला धूसर वाटतो. तो नुसता तारा नव्हे, वायू आणि धुळीचा ढग आहे, आणि त्यात तारे जन्माला येताहेत. हा उजेड तिथून निघाला तेव्हा दख्खनवर बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं. सुमारे १,३५० वर्षं तो वाटेत होता.

आणखी मागे चला, सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. इथे विवर नाही, नुसता काळा बेसाल्ट. आकाश एकाएकी पांढरंफटक होतं, वरून एक दगड येऊन आदळतो, जमीन हादरते. खडक वितळून काचेचे मणी उडतात आणि १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा पडतो.

आकाशातून आलेला तो दगड कुठला? त्याच्या मागावर ४५६ कोटी वर्षं मागे जा. पायाखाली पृथ्वी नाही, वर सूर्य नाही. उणे २६० अंशांच्या आसपासची थंडी, हायड्रोजन आणि काजळीसारखी धूळ. धूळ बाहेरचा उजेड अडवते, म्हणून आत गारठा टिकतो. गारठ्यात वायूचा दाब कमी पडतो आणि गुरुत्वाकर्षण त्याच्यावर मात करतं. ताऱ्याची आग पेटायला आधी एवढी थंडी लागते, हे मला फार विलक्षण वाटतं. ढगातली एक गाठ आकसते, तापते, गरगर फिरू लागते. तिच्याभोवती तबकडी तयार होते. तुमच्या डोळ्यांदेखत धुळीचे कण एकमेकांना चिकटतात. कणांचा खडा, खड्यांचा दगड. गाभा एक कोटी अंशांवर गेला की हायड्रोजनचं हेलियम होऊ लागतं. सूर्य पेटला. ग्रह घडून उरलेल्या दगडांपैकी एक पुढे लोणारवर येऊन आदळणार आहे.

परत काठावर या. मृगातल्या त्या ढगात हबल दुर्बिणीला अशा दीडशेहून जास्त तबकड्या दिसल्या आहेत.

लोणारला येणारे बहुतेक जण दिवसा सरोवर बघून निघून जातात. हिवाळ्यात एक रात्र मुक्काम करा. मुलांना घेऊन गावाबाहेरची अंधारी जागा गाठा आणि मोबाइल खिशात ठेवा. मृगातला तो धूसर ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसतो.