मोरिशस बेटांतील जीवरक्षणाचा इतिहास

हिंदी महासागरांतील मोरिशस बेटाचें नांव निघालें कीं डोडो पक्ष्याचें स्मरण होतें. आणि त्या पक्ष्याच्या नाशावरून धडा घेऊन तेथें वन्य जीवांच्या रक्षणास आरंभ झाला, असा समज पुष्कळांचा असतो. उपलब्ध साधनें पाहतां हा समज टिकत नाहीं. डोडो नष्ट होत असतां त्याची दखल कोणीं घेतली नाहीं. पुढें सुमारें शंभर वर्षांनीं जे वनविषयक निर्बंध झाले, ते पावसासाठीं व लांकडासाठीं झाले. वनाचा कायदा व जीवांचें रक्षण या दोन गोष्टी दीर्घकाळ एकमेकींपासून दूर राहिल्या, हें प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे.

डच लोक इ. स. १५९८ मध्यें या निर्जन बेटावर उतरले व आपला राजपुत्र मॉरिस याचें नांव त्यांनीं बेटास दिलें. तेथील डोडोस उडतां येत नसे. हा पक्षी हिंदुस्थानांतहि आला होता, ही गोष्ट आमच्याकडे फारशी माहीत नाहीं. इ. स. १६२८ ते १६३४ या काळांत या देशांत असलेला इंग्रज प्रवासी पीटर मंडी यानें सुरतेस दोन डोडो पाहिल्याचें लिहून ठेविलें आहे. जहांगिराच्या पदरचा चित्रकार मन्सूर याच्या हातचें मानलें जाणारें डोडोचें एक रंगीत चित्र रशियांतील हर्मिटेज संग्रहालयांत आहे. जिवंत पक्षी समोर ठेवून काढलेल्या चित्रांत त्याची गणना होते.

डोडो केव्हां नष्ट झाला, याविषयीं मतभेद आहे. गलबत फुटून किनाऱ्यास लागलेल्या फोल्कर्ट एव्हर्ट्स या डच खलाशानें इ. स. १६६२ मध्यें हा पक्षी पाहिला, ही शेवटची सर्वमान्य नोंद होय. त्यानंतरहि गव्हर्नर लामोतिउस याच्या कारकीर्दींतील शिकारीच्या टिपणांत डोडोचें नांव १६८८ पर्यंत येतें. परंतु मूळ पक्षी दुर्मिळ झाल्यावर तें नांव एका तांबड्या पाणकोंबडीस लावूं लागले होते, असें कांहीं विद्वानांचें म्हणणें आहे. दोहोंपैकीं कोणतेंहि मत घेतलें, तरी एक गोष्ट निर्विवाद राहते. पक्षी मारल्याच्या नोंदी आहेत. पक्षी किती उरले याची नोंद एकहि नाहीं. शिवाय जहाजांबरोबर आलेले उंदीर, डुकरें व माकडें यांनीं अंडीं व पिलें यांचा जो संहार केला, तो तर कोणाच्याच वहींत आला नाहीं.

इ. स. १७१० मध्यें डच निघून गेले व १७१५ मध्यें फ्रेंचांनीं बेट घेतलें. त्यांचा कारभारी पिएर प्वाव्र यानें इ. स. १७६९ मध्यें केलेला निर्बंध वनरक्षणाच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. प्रत्येक जमीनधारकानें आपल्या जमिनीचा चतुर्थांश भाग, विशेषतः डोंगरउतारावरील, वनाखालीं ठेवावा, उजाड झालेल्या जागीं झाडें लावावीं व पाण्याच्या कांठचें रान तोडूं नये, असा त्याचा आशय होता. झाडें गेलीं कीं पाऊस हटतो, ही प्वाव्रची दृढ समजूत होती. निर्बंध दूरदर्शी होता यांत संशय नाहीं; परंतु त्यांत वन म्हणजे पाण्याचा व लांकडाचा सांठा, त्यांत राहणारे जीव नव्हेत.

इ. स. १८१० मध्यें बेट इंग्रजांकडे गेलें. १८२५ पासून मोरिशसच्या साखरेस इंग्लंडांत वेस्ट इंडीजच्या साखरेइतकीच जकात पडूं लागली आणि उसाचें क्षेत्र झपाट्यानें वाढलें. १८३४ पासून हिंदुस्थानांतून करारबंद मजूर नेण्यांत आले. मुंबई बंदरांतून गेलेल्या मजुरांत कोंकणांतील मराठी कुटुंबेंहि होतीं. त्यांचे वंशज तेथें आजहि गणेशोत्सव करितात. मळ्यांसाठीं रान तोडण्याचे व दगड वेचण्याचे कष्ट या मजुरांच्या वांट्यास आले. रान तोडावें कीं राखावें, हें ठरविण्याचा अधिकार मात्र मळेवाल्यांकडे होता. राखीव वनांचे कायदे इंग्रजी अमलांतहि होते. तरीहि बऱ्या स्थितींतील मूळचें रान आज बेटाच्या शेंकडा दोनांहूनहि कमी क्षेत्रावर उरलें आहे, आणि त्यांतहि परदेशांतून आणलेल्या चिनी पेरूची दाटी झाली आहे.

१२ मार्च १९६८ रोजीं मोरिशस स्वतंत्र झालें. त्यानंतर थोड्याच वर्षांत एक नवी गोष्ट घडली: उरलेले जीव एकेक करून मोजण्यांत आले. १९७४ सालीं मोरिशसच्या लहान ससाण्याचे रानांत अवघे चार पक्षी असल्याचें आढळलें. रानाचा नाश, परके प्राणी व कीटकनाशक डी. डी. टी. हीं त्याचीं कारणें होतीं. १९७९ सालीं वेल्सचे प्राणिशास्त्रज्ञ कार्ल जोन्स तेथें गेले. घरट्यांतील पहिलीं अंडीं काढून तीं कृत्रिम उबेंत उबविलीं म्हणजे मादी पुन्हा अंडीं घालते. या उपायानें, तसेंच रानांतील पक्ष्यांस खाद्य व घरट्यांसाठीं पेट्या पुरवून, त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ससाण्याची संख्या शेंकड्यांवर नेली. १९९० च्या सुमारास दहाएक उरलेला गुलाबी पारवा व डझनाच्या आसपास उरलेला तेथील पोपट यांचीहि संख्या अशाच प्रयत्नांनीं कित्येक शतें झाली.

मात्र मोजणी वेळेवर व्हावी लागते. उत्तरेकडील राउंड बेटावर सोडलेल्या बकऱ्या व सशांनीं तें बोडकें केलें होतें. बकऱ्या १९७९ मध्यें व ससे १९८६ मध्यें काढून टाकण्यांत आले आणि सरडे व झाडें सांवरलीं. परंतु तेथील बिळांत राहणारा अजगरासारखा एक साप १९७५ नंतर कोणास दिसलेला नाहीं. त्यास हे उपाय कांहीं वर्षें उशिरां पोंचले.

राज्यकर्त्यांचें वर्तन एकसारखें राहिलें नाहीं. १९९२ सालच्या जैवविविधतेच्या आंतरराष्ट्रीय करारास सर्वांत आधीं अनुसमर्थन देणारें राष्ट्र मोरिशस होय. १९९४ मध्यें ब्लॅक रिव्हर खोऱ्यांत सुमारें साडेसहा हजार हेक्टरांचें राष्ट्रीय उद्यान झालें. उलट २०१५ सालीं कायद्यांत तशी तरतूद करून सरकारनें वडवाघुळांची कत्तल आरंभिली. हीं वडवाघुळें लिची व आंबा खातात, अशी बागाइतदारांची तक्रार होती. मूळ रानांतील झाडांचें बीं तींच दूर नेतात, हें प्राणिशास्त्रज्ञांचें उत्तर होतें. वडवाघुळें एकंदर किती, यावरच दोन्ही पक्षांचें एकमत नव्हतें. २०१५ व २०१६ या दोन वर्षांत मिळून तीस हजारांहून अधिक मारलीं गेलीं, व २०१८ मध्यें त्या जातीची गणना ‘धोक्यांत असलेल्या’ जातींत झाली.

बागाइतदाराचें नुकसान खरें आहे व त्याची दाद लागली पाहिजे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु संख्येचा निर्णय होण्यापूर्वीं बंदूक उचलणें म्हणजे डच टिपणांच्या पद्धतीकडे परत जाणें होय: मारले किती हें लिहावयाचें, उरले किती हें विचारावयाचें नाहीं. ज्या देशानें चार पक्ष्यांवरून एक जात परत उभी केली, त्यास हें शोभत नाहीं.

शेवटीं एक विनंति. मंडीनें पाहिलेले दोन डोडो सुरतेहून पुढें कोठें गेले, याचा शोध घेण्यासारखा आहे. सुरतेच्या किंवा मोंगल दरबारच्या फारसी अथवा देशी कागदांत अशा पक्ष्याचा उल्लेख कोणा अभ्यासकास आढळल्यास त्यानें तो अवश्य प्रसिद्ध करावा.