वाळूची पेटी आणि लेझर

होलोग्रामची, म्हणजे प्रकाशाने टिपलेल्या त्रिमितीय चित्राची, कल्पना डेनिस गाबोर यांना १९४७ साली सुचली, पण ते नीट करायला लागणारा लेझर यायला १९६० उजाडले. पुढे मिशिगन विद्यापीठात लीथ आणि उपाटनीक्स यांनी खेळण्यातल्या आगगाडीचा होलोग्राम केला. प्रकाशाच्या तरंगलांबीच्या अंशाइतके काही हलले तरी चित्र पुसते, म्हणून महागडे, जड टेबल लागे. १९७०च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत लॉइड क्रॉस आणि जेरी पेथिक यांनी हवा भरलेल्या ट्यूबांवर वाळूची पेटी ठेवली आणि आरसे, भिंगे नळ्यांवर बसवून त्या वाळूत खोचल्या. माझ्या मते होलोग्राम सामान्य माणसाचा झाला तो तिथेच.

मी स्वस्तातला लाल डायोड लेझर वापरतो, पद्धत डेनिस्यूक यांची. प्रकाशसंवेदी लेप दिलेल्या काचेमागे नाणे, समोरून प्रकाश. पहिल्या दोन काचा कोऱ्या निघाल्या. वरच्या मजल्यावर कुणीतरी चालत होते. तिसरी रात्री दोनला घेतली. रसायनांत धुतल्यावर, ओली असताना तिच्यात काहीच दिसेना. वाळत गेली तसे नाणे उमटले, कडेच्या खाचांसकट. मान कलली की खाचांवरची चमक सरकायची. मी आईला उठवून दाखवले.

करून पाहा, फक्त लेझरच्या झोतात थेट डोळा घालू नका.