वाटेवरची सरबराई

धाराशिवाहून लातूरच्या अंगाला निघाले म्हणजे बेंबळीचे शिवार लागते. हा मुलूख वाळवंट नव्हे. परंतु ज्वारीची काढणी होऊन रान उघडे पडले, विहिरींनी तळ गाठला आणि काळ्या जमिनीला भेगा पडल्या, की वैशाखात एका गावाहून दुसऱ्या गावी पायी जाणाऱ्याला तो वाळवंटाहून फारसा निराळा वाटत नसे. अशा मुलखातून जाणे हे एकट्याच्या हिमतीचे काम कधीच नव्हते. जो गेला त्याचे नाव बखरीत, कैफियतीत किंवा वर्तमानपत्रात आले. ज्याने त्याला पाणी पाजले, वाट दाखविली आणि रात्री उजेड धरला, तो मात्र दप्तरात कोठे सापडलाच तर हिशेबाच्या खर्चाच्या बाजूला सापडतो.

बेंबळीपासून फार दूर नसलेले तेर हेच प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथाचा कर्ता सांगतो, की भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण व त्याच्या पूर्वेस आणखी दहा दिवसांवर तगर असून, तेथील माल बिकट वाटांनी गाड्यांत घालून बंदराला नेतात. महिनाभराच्या या वाटेवर बैलांच्या वैरणपाण्याची तजवीज कोण करीत असे याविषयी तो अवाक्षर काढीत नाही. त्याला मालाशी कर्तव्य होते.

पुढील काळात सोबत ही गरजेची तशीच धास्तीचीही वस्तू झाली. निर्जन वाटेवर एकटे जाणे धोक्याचे, म्हणून वाटसरू सोबत शोधी. आणि ठग नेमका सोबती होऊनच येई, दोन-चार मुक्काम गोड बोलून विश्वास संपादन करी आणि मग रुमालाने गळा आवळी. ठगांच्या या रीतीवर 1839 मध्ये कादंबरी लिहिणारा मेडोज टेलर पुढे याच प्रांताचा कारभारी व्हावा हा योगायोग मोठा मौजेचा आहे. इंग्रज अंमलदारांच्या हाताखालील कंटिन्जंट फौजेच्या थकलेल्या खर्चापायी हैदराबादच्या निजामाने 1853 मध्ये वऱ्हाड व रायचूर दुआबाबरोबर धाराशिव-नळदुर्गचा मुलूखही इंग्रजांच्या हवाली केला, तेव्हा टेलरसाहेब नळदुर्गास डेप्युटी कमिशनर म्हणून आला आणि रस्ते व तलाव यांच्या मागे लागला. 1860 मध्ये हा मुलूख निजामाला परत मिळाला.

रस्ता सरकारने बांधला तरी रस्त्यावरील माणसाची सरबराई गावाच्याच गळ्यात राहिली. तालुकदार किंवा तहसीलदार दौऱ्यावर निघाला म्हणजे त्याच्या मुक्कामाची वर्दी आधी पोचे. पाटील-कुळकर्णी धावपळ करीत, आणि लाकूडफाटा, गवत, पाणी, घोड्याची वैरण, सामानाची ओझी व रात्रीची मशाल हे सगळे अखेरीस महार वतनदारांच्या, बलुतेदारांच्या व गोरगरीब कुळांच्या अंगावर पडे. येसकराने, म्हणजे गावाच्या वेशीची राखण करणाऱ्या महाराने, साहेबाच्या घोड्यापुढे धावत शिवेपर्यंत जावयाचे, तेथे पुढील गावच्या येसकराच्या हवाली स्वारी करावयाची आणि काळोखात एकट्याने माघारी यावयाचे, अशी ही साखळी होती. व्यवस्था म्हणून पाहिली तर ती मोठी काटेकोर. कारण वाटाड्या आपल्या पायाखालच्याच जमिनीपुरता राही, त्याला ओढा, पाणंद आणि चोरवाट अचूक ठाऊक असे. परंतु तिचा पाया वेठीचा होता. सरंजामी व्यवस्थेचे गोडवे गाणाऱ्यांनी त्या परतीच्या अंधाऱ्या वाटेचा हिशेब कधी केलेला नाही.

याच्या शेजारी धर्मबुद्धीने चाललेली दुसरी सरबराई होती. आश्विनी पौर्णिमेला सोलापूर आणि कर्नाटकाकडून हजारो माणसे तुळजापूरला पायी जातात, त्यांच्यासाठी वाटेवर अन्नछत्रे उभी राहतात, तळव्यांना तेल लावून देणारेही बसलेले असतात. गावोगावच्या पाणपोयांची रीतही अशीच जुनी. झाडाखाली वाळूत निम्मे पुरलेले रांजण, त्यांवर ओले फडके आणि लांब दांड्याचे ओगराळे, एवढाच तिचा सरंजाम. मात्र ते ओगराळे उंच धरून ओंजळीत पाणी सोडण्यात स्वच्छतेइतकाच विटाळाचाही विचार असे, हे विसरून चालणार नाही.

सायकल आली आणि वेठ व पुण्य या दोहोंच्या बाहेरचा प्रवासी जन्मास आला. 15 ऑक्टोबर 1923 रोजी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण मुंबईहून जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांतील अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे 1928 मध्ये ती पुरी करून परतले. बगदाद ते अलेप्पो हे साडेनऊशे किलोमीटरांचे रखरखीत अंतर त्यांनी 23 दिवसांत काटले. त्यांच्या मागे मोटार नव्हती, पुढे येसकर नव्हता. वाटेवरच्या अनोळखी माणसांनी जे दिले त्यावर निभावले.

पुढे मागे मोटार घेऊन चालणारा सायकलस्वारही निपजला. अमेरिकेच्या एका किनाऱ्याहून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत आरपार जाणारी सायकल-स्पर्धा 1982 मध्ये चार स्वारांनिशी सुरू झाली. 2015 मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी आळीपाळीने सायकल चालवीत ओशनसाइड ते अ‍ॅनापोलिस हे सुमारे 4,800 किलोमीटर अंतर 8 दिवस 14 तास 55 मिनिटांत पार केले. 2017 मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ व नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तेच अंतर एकट्याने 12 दिवसांच्या मुदतीत संपविले. कॅलिफोर्निया-अ‍ॅरिझोनाचे वाळवंट या स्पर्धेत आरंभीच, तेही ऐन जूनमध्ये लागते. तेथे मागून येणारे पथकच स्वाराचे प्राण सांभाळते. कोणी मोटार हाकतो, कोणी नकाशा वाचतो, कोणी चाक बदलतो. कोणी मानेवर बर्फाची पुरचुंडी ठेवतो आणि स्वाराने किती पाणी, किती मीठ घेतले याची वहीत नोंद करतो, कारण चार दिवसांच्या अपुऱ्या झोपेनंतर तहान लागली हेही स्वाराला उमजत नाही. रात्री तर मागल्या मोटारीच्या दिव्यांच्या उजेडाखेरीज त्याला पुढे जाण्याची परवानगीच नसते. मशाल पुढून मागे गेली, एवढाच काय तो फरक. पण मशालजी आता आपखुशीने, रजा काढून आलेला असतो.

जबाबदारीची दिशाही उलटली आहे. साहेबाची वाट चुकली तर जाब येसकराला द्यावा लागे. या स्पर्धेत पथकाने मोटार नको तेथे उभी केली किंवा नियम मोडला, तर दंडाचा वेळ स्वाराच्या खात्यावर चढतो, आणि तो भरून काढण्यासाठी पायंडल त्यालाच मारावे लागते.