कुणी वाजवलं, कुणी लिहून ठेवलं

लग्नसराईत जालना एमआयडीसीच्या रस्त्यावरून वरात निघते तेव्हा बँडवाल्यांच्या हातात जी पितळी वाद्यं आणि क्लॅरिनेट असतात, त्यांचीच भावंडं सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात अंत्ययात्रेपुढे आणि नाचाच्या दिवाणखान्यांत वाजत होती. दोन्हीकडे ती पलटणींच्या बँडातून आली. इथे त्यांच्यावर सिनेमाची गाणी चढली, तिथे जॅझ जन्माला आलं. पुढे मुंबईत त्या जॅझची आणि आपल्या सिनेमाच्या गाण्याची गाठ पडली. म्हणून जॅझवरची चांगली पुस्तकं कोणती, हा प्रश्न जालन्याच्या वाचकाला वाटतो तेवढा परका नाही. मात्र त्याचं उत्तर शोधायचं तर ही पुस्तकं कशी लिहिली गेली, तिथपर्यंत मागे जावं लागतं.

सुरुवातीच्या महत्त्वाच्या पुस्तकांपैकी एक म्हणजे १९३९ साली फ्रेडरिक रॅम्से आणि चार्ल्स एडवर्ड स्मिथ यांनी संपादित केलेलं ‘जॅझमेन’. न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या वादकांना गाठून, त्यांच्या आठवणी घेऊन ते तयार झालं. बडी बोल्डन हा कॉर्नेटवादक त्यातूनच जगाला माहीत झाला. १८७७ चा जन्म, १९०७ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात रवानगी, १९३१ मध्ये तिथेच मृत्यू आणि वाजवण्याची एकही ध्वनिमुद्रिका हाती नाही. अशा माणसाभोवती दंतकथा जमणारच. त्याचं केशकर्तनालय होतं, तो शहरातल्या भानगडींचं एक पत्रक छापायचा, असं सांगितलं गेलं आणि पुढची पुस्तकं तेच उतरवून घेत राहिली. डोनाल्ड मार्क्विस यांनी शहराच्या नोंदवह्या, जनगणनेचे कागद आणि इस्पितळाची दप्तरं चाळून १९७८ साली ‘इन सर्च ऑफ बडी बोल्डन’ लिहिलं, तेव्हा या दोन्ही गोष्टी गळून पडल्या. दंतकथा गेल्यावर बोल्डन लहान झाला नाही. उलट तो एका खऱ्या गल्लीत राहणारा, पोटासाठी वाजवणारा माणूस म्हणून पहिल्यांदा दिसू लागला. जॅझवरच्या पुस्तकांत मला या पुस्तकाबद्दल सर्वांत जास्त आदर आहे.

दुसरी वाट खुद्द वादकाच्या तोंडून ऐकण्याची. १९३८ मध्ये वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये अ‍ॅलन लोमॅक्स यांनी पियानोवादक जेली रोल मॉर्टनला बोलतं केलं. त्या ध्वनिमुद्रणांवरून १९५० साली ‘मिस्टर जेली रोल’ आलं. मॉर्टन सांगायचा की जॅझ मीच १९०२ साली शोधून काढलं. आपला जन्म तो १८८५ चा सांगे, बाप्तिस्म्याची नोंद १८९० कडे बोट दाखवते. नोंद खरी धरली तर शोधाच्या वेळी तो बारा वर्षांचा पोरगा ठरतो. तरीही ते पुस्तक टाकून देण्यासारखं नाही. जुन्या शहराचा वास, जुगाराचे अड्डे, पियानोवर डाव्या हाताने काय करायचं याचं ज्ञान, हे त्याच्याइतकं क्वचितच कुणी सांगितलं असेल. १९५५ चं ‘हिअर मी टॉकिन टू या’ हेही असंच: नॅट शॅपिरो आणि नॅट हेन्टॉफ यांनी स्वतः मागे राहून अनेक वादकांची बोलणी एकापुढे एक लावली. एकाचं म्हणणं दुसरा खोडतो आणि वाचकाला दोन्ही बाजू कळतात.

एमआयडीसीतल्या स्टील कारखान्यांत भंगार वितळल्यावर रस ओतण्याआधी थोडा नमुना काढून कार्बन, गंधक, फॉस्फरस किती ते तपासतात. पुस्तकाचंही तसंच करावं. मधलंच एखादं पान उघडावं आणि पाहावं, लेखकाला हे कळलं कुठून. वादकाला रात्रीचे किती पैसे मिळत, करार कुणाशी होता, गाडीत बसायला त्याला जागा मिळे का, याचा त्या पानांत पत्ता आहे का. आणि वाजवण्याबद्दल काही सांगितलंय, की नुसती व्यसनं आणि प्रेमप्रकरणं. बिली हॉलिडे हिचं १९५६ चं ‘लेडी सिंग्ज द ब्लूज’ विल्यम डफ्टी या पत्रकाराच्या मदतीने लिहिलेलं आहे. तिचा आवाज त्यात आहे, पण जन्म बाल्टिमोरचा असं ती म्हणते आणि जन्मनोंद फिलाडेल्फियाची आहे. अशी आत्मकथा वाचावी जरूर, पण सोबत दुसरं एक पुस्तक हवंच.

लेरॉय जोन्स यांच्या १९६३ च्या ‘ब्लूज पीपल’ने गुलामगिरीपासूनचा समाज या संगीताच्या मुळाशी ठेवला, आणि व्हॅल विल्मर यांनी १९७७ मध्ये ‘अ‍ॅज सीरियस अ‍ॅज युवर लाइफ’मध्ये वादकांच्या घरातल्या बायकांनाही जागा दिली. ही दोन्ही पुस्तकं वाचल्याशिवाय मोठ्या, जाडजूड इतिहासांकडे वळू नये असं माझं मत आहे.

मग येते मुंबई. १९३५ साली व्हायोलिनवादक लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. पाठोपाठ ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. वेदरफर्ड १९४५ मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याने गेले. या अमेरिकन वादकांच्या शेजारी बसून गोव्याच्या पोरांनी हे संगीत उचललं. या पोरांनी चर्चच्या शाळांत स्वरलिपी लहानपणीच गिरवली होती. दारूबंदी आल्यावर हॉटेलांची कमाई घटली आणि हे वादक अधिकच सिनेमाच्या स्टुडिओंकडे वळले. हळदोण्याचे आंतोनियो शाविएर वाझ, म्हणजेच ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, १९५१ च्या ‘अलबेला’त आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. चित्रपट मास्टर भगवान यांचा, संगीत सी. रामचंद्र यांचं. जालन्याच्या वरातीत ‘अलबेला’ची चाल वाजली, की त्यात न्यू ऑर्लिन्सचा एक अंश असतोच.

ही सगळी हकीकत नरेश फर्नांडिस यांनी २०१२ च्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’मध्ये मांडली आहे. मराठी वाचकाने जॅझचं पहिलं पुस्तक हेच घ्यावं. ग्रेगरी बूथ यांचं २००८ चं ‘बिहाइंड द कर्टन’ स्टुडिओतल्या वादकांच्या मुलाखतींवर उभं आहे: गाण्याची वाद्यरचना कागदावर कोण उतरवायचं, पैसे कसे मिळायचे, नाव कुठे यायचं आणि कुठे नाही. त्याच्या जोडीला पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचं मराठी आत्मचरित्र ‘माझ्या जीवनाची सरगम’ ठेवावं. तिथे तोच काळ संगीतकाराच्या बाजूने येतो. वादकाची आणि संगीतकाराची बाजू एकमेकींशी ताडून पाहण्यात जो आनंद आहे, तो एकट्या कुठल्याही पुस्तकात मिळत नाही.

याच बूथ यांनी त्याआधी, २००५ साली, आपल्याकडच्या लग्नाच्या बँडवर ‘ब्रास बाजा’ लिहिलं. मला ते जॅझच्याच कपाटात ठेवावंसं वाटतं. बोल्डनच्या बाबतीत जे उशिरा झालं, ते आपल्या बँडवाल्यांच्या बाबतीत आजही होऊ शकतं. जालना, परतूर, अंबड भागांत म्हातारे क्लॅरिनेटवाले असतील, तोवर कुणीतरी मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करून त्यांच्यासमोर बसायला हवं. वाद्य कुणाकडून शिकलात, पहिली सुपारी कुठली, तिचे किती मिळाले, स्वरलिपी येत होती की कानावरच घेतलं, डीजे आल्यावर काय केलंत. उत्तरं जशीच्या तशी लिहून घ्यावीत आणि शक्य तिथे जुन्या पावत्या, लग्नपत्रिका आणि फोटो मागून घ्यावेत.